सिगारेटवाले अण्णा: एक दुरुस्ती

अनंत वामन सबनीस यांचं गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, देवास इथे राहत्या घरी निधन झालं. वय एकोणसत्तर. कारण फुप्फुसांचा जुना आजार. त्या वेळी घरात पत्नी सुलभा आणि मुलगा केदार होते. अंत्यसंस्कार त्याच दिवशी दुपारी झाले.

मला हे कळलं ते सात वाजता, इंदूरमध्ये, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. निरोप धारच्या नानांनी टाकला होता. नाना म्हणजे अण्णांचे सख्खे चुलतभाऊ, त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. अण्णा माझे मामेभाऊ. नानांनी लिहिलं होतं, ‘आपले देवासचे सिगारेटवाले अण्णा आज पहाटे गेले.’ खाली फोटो होता. फोटोत अण्णा फेटा बांधून उभे आहेत, ओठांत पेटलेली सिगारेट आहे, आणि शेजारी नाना हसताहेत. मी चौतीस वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत इतरांच्या बातम्या दुरुस्त केल्या. त्या सवयीने निरोप पुन्हा वाचला. ‘पहाटे’ चूक होतं. ‘सिगारेटवाले’ हेही चूक होतं. आणि फोटो… फोटो खरा होता, पण त्याची गोष्ट निरोपात नव्हती. खाली दीडशे नातेवाइकांनी हात जोडले होते. त्यांच्यापैकी कोणाला यात काही खटकल्याचं दिसलं नाही.

ही नावाची भानगड जुनी आहे. आमच्या घराण्यात दोन अण्णा होते आणि नोकरीमुळे दोघंही देवासला राहायला गेले. एक बँकेत होते. ते बँकवाले अण्णा. दुसरे हे. लग्नाच्या याद्यांत, आमंत्रणांच्या पाकिटांवर, मंगलकार्यालयात जेवणाच्या पंगती मांडताना असंच म्हटलं जायचं, आणि त्यात कोणाला उपहास करायचा नव्हता. ओळख पटावी एवढाच हेतू. बँकवाले अण्णा वारले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून देवासला एकच अण्णा उरले होते आणि त्यांना कुठलंही विशेषण लावण्याची गरज नव्हती. पण ते लागतच राहिलं. सिगारेट सुटली, तरी ते लागतच राहिलं.

सुरुवात धारला झाली, हे नाना आणि अण्णा दोघंही सांगायचे. आमचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. संस्थान गेलं, पण घरातली बोलण्याची रीत गेली नाही. मोठ्यांसमोर मांडी घालून बसायचं, बोलावल्याशिवाय बोलायचं नाही, आणि सिगारेटचं तर नावही काढायचं नाही. अण्णा तेव्हा सोळा वर्षांचे, नाना अठरा. कालिकेच्या टेकडीमागे तलावाच्या पाळीवर नानांनी पहिली सिगारेट पेटवली, दोन झुरके घेतले आणि अण्णांच्या हातात दिली. मी तेव्हा शिकायला मामाकडे राहत होतो. वरच्या वाटेवर उभं राहून कोणी येतंय का ते पाहायचं, हे माझं काम. मी स्वतः कधी ओढली नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही, मला लहानपणापासून दमा आहे.

तिथून पुढे एकेचाळीस वर्षं. अण्णा देवासच्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात लागले आणि माल तपासणाऱ्या विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. फाटकावर ट्रक आला की लोखंडाची पोकळ, टोकदार परखी पोत्यात खुपसायची, दाणे ओंजळीत घ्यायचे, आधी बघायचे, मग हुंगायचे, मग एक दाणा दाताखाली धरायचा. कट् आवाज आला तर माल कोरडा. दाणा नुसता दबला तर ओला. मग तोच माल यंत्रावर लावून ओलाव्याचा आकडा काढायचा. आकडा बाराच्या वर गेला की माल नापास. अण्णा यंत्राआधी आकडा सांगायचे. ‘साडेअकरा.’ यंत्र बहुधा त्यांच्या बाजूने असायचं. या कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. प्रत्येक ट्रकनंतर फाटकाबाहेर जाऊन एक सिगारेट, हाही कामाचाच भाग झाला होता. आत तेलाचा कारखाना, तिथे काडी पेटवायची सोय नव्हती.

सोड म्हणून सांगणारे पुष्कळ होते. आई सांगून गेली. सुलभावहिनींनी दहा वर्षं सांगितलं आणि मग बंद केलं. केदारने शाळेत असताना चित्र काढून भिंतीवर लावलं. अण्णांनी चित्राचं कौतुक केलं आणि त्याच्यासमोर उभं राहून सिगारेट पेटवली. आमच्याच कचेरीतल्या आरोग्याच्या पानाची कात्रणं मी पाठवली होती. ती त्यांनी परत पाठवली, शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल शाईने दाखवून. कोणी सांगितलं म्हणून मी सोडणार नाही, असं ते स्पष्ट म्हणायचे. हे वाक्य त्यांनी शेवटपर्यंत पाळलं, हेही इथे नोंदवलं पाहिजे. त्यांनी सिगारेट सोडली ती कोणाच्या सांगण्यावरून नाही.

त्या दिवशी काय झालं, ते मी तिघांकडून वेगवेगळ्या वेळी ऐकलं आहे आणि तिन्ही वेळा तपशील जुळले. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. तिरल्याजवळच्या एका गावाहून गणपतसिंह नावाचे शेतकरी ट्रक घेऊन आले होते. अण्णांनी परखी लावली, हुंगलं, दाणा चावला, आकडा सांगितला, माल पास केला. कागदावर सही झाली. तेव्हा गणपतसिंह पुढे आले आणि म्हणाले की मागच्या चार पोत्यांवर घरी पाणी पडलं होतं, हमालांनी ती चुकून चढवली, ती उतरवून घ्यायला मी स्वतः सोबत आलो. अण्णा म्हणाले, माल चांगला आहे, मी बघितला आहे. गणपतसिंहांनी त्यातलंच एक पोतं उघडलं, ओंजळ भरली आणि अण्णांच्या नाकाशी धरली.

“बाबूजी, बास मार रिया है. आपको नी आ रई?”

अण्णांना कसलाच वास आला नाही. त्यांनी सहायकाला बोलावलं. त्याचं नाव महेश. महेशने ओंजळीकडे तोंड नेलं आणि लगेच मागे घेतलं. अण्णांनी पुन्हा हुंगलं. पुन्हा काही नाही. गणपतसिंह हसले नाहीत. हळूच म्हणाले, “धुआँ पी-पी के नाक बैठ गई बाबूजी आपकी.” आणि पोती उतरवायला गेले.

अण्णांनी ती चार पोती आपल्या हाताने नापास केली. मग प्रयोगशाळेत गेले. खिशातलं पाकीट काढलं, नमुन्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, तोंड बंद केलं आणि इतर नमुन्यांना लावतात तशी चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर लिहिलं: रिजेक्ट. कारण, बास. पिशवी नापास नमुन्यांच्या कपाटात ठेवली. तिथला नियम असा होता की नापास नमुना तीन महिने जपून ठेवायचा, कोणी हरकत घेतली तर दाखवता यावा म्हणून, आणि मग नष्ट करायचा. तीन महिन्यांनी महेशने विचारलं, साहेब, त्या पिशवीचं काय करायचं. अण्णा म्हणाले, “कोणाची हरकत आली का?” महेश म्हणाला, नाही. “मग नियमाप्रमाणे कर.” महेशने ती इतर नमुन्यांबरोबर भट्टीत टाकली. हे महेशने मला फोनवर सांगितलं आणि रजिस्टरमध्ये नोंद आहे, असंही सांगितलं. ती नोंद मी पाहिलेली नाही.

मधले तीन महिने सोपे नव्हते. जेवण जायचं नाही, बारीकसारीक गोष्टींवर भांडणं व्हायची. कारखान्याच्या फाटकावरचा चहावाला सवयीने चहाबरोबर काडेपेटी पुढे करायचा. अण्णांकडे सिगारेट ठेवायची एक पितळी डबी होती, वडिलांची पानाची. ती त्यांनी घासून घेतली आणि तिच्यात कोरडे सोयाबीनचे दाणे भरले. तल्लफ आली की एक दाणा दाताखाली. कट्. आणि आकडा. पानाच्या दुकानासमोर, बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कोणी पाकीट पुढे केलं की अण्णा डबी काढायचे. धारला जुने मित्र म्हणायचे, “भिया, एक से क्या होता है?” अण्णा दाणा चावून म्हणायचे, “ग्यारह,” आणि डबी त्यांच्याच पुढे करायचे. कोणी घ्यायचं नाही. कच्चा सोयाबीन काही चवीला चांगला नसतो.

वास हळूहळू आला. आधी रॉकेल, मग साबण, मग हिंग. दुसऱ्या महिन्यात एक दिवस संध्याकाळी ते कामावरून घरी आले, दारात थांबले आणि वहिनींना विचारलं, आपल्या घराला हा कसला वास येतोय. वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. “तुमचा,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं येतोय.” अण्णा तिथेच चपला न काढता उभे राहिले… किती वेळ, ते वहिनींना आठवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. पडदे, गाद्यांचे अभ्रे, लोकरीचे कपडे सगळं धुवायला काढलं, आणि महिनाअखेर घराला आतून रंग दिला. कपाटातली पुस्तकं मात्र धुता येत नव्हती. ती त्यांनी एकेक करून गच्चीवर उन्हात उघडून ठेवली. शेजाऱ्यांना वाटलं, सबनीसांकडे वाळवी लागली.

आता फोटोबद्दल. अण्णांनी सोडली त्याला तिसरं वर्ष चालू होतं. नानांच्या धाकट्या मुलीचं लग्न धामनोदला होतं, सासरच्यांचा तिथे हायवेवर मोठा व्यवसाय आहे. वरात आली, फेटे बांधले गेले, फोटोवाला सगळ्यांना उभं करत होता. नाना आनंदात होते. त्यांनी आपली पेटलेली सिगारेट अण्णांच्या ओठांत ठेवली आणि म्हणाले, “जुना फोटो पाहिजे मला, आपला दोघांचा.” फोटो निघाला. अण्णांनी सिगारेट लगेच काढली नाही. त्यांनी एक झुरका घेतला. पूर्ण, आतपर्यंत. मी चार पावलांवर होतो. मी पाहिलं. माझ्याशिवाय कोणाच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही. मी ते कोणाला सांगितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कचेरीत असताना त्यांचा फोन आला. दुरुस्ती आहे, म्हणाले. काल नानाच्या मुलीच्या लग्नात मी एक झुरका घेतला, त्यामुळे मागचे सगळे दिवस रद्द, आजपासून पहिला. मी म्हणालो, एका झुरक्याने काय होतं? बोलून झाल्यावर लक्षात आलं की मीही तेच बोललो होतो. ते म्हणाले, चार पोती भिजली आणि उतरवली नाहीत, की अख्खा ट्रक नापास होतो. म्हणून वहिनी बारा वर्षं म्हणतात आणि अण्णा नऊ म्हणायचे. मी या लेखात अण्णांचा आकडा धरतो. त्यांनी नऊ वर्षं आणि तीन महिने सिगारेट ओढली नाही. निरोपासोबत जो फोटो गेला तो त्याआधीच्या शेवटच्या झुरक्याचा आहे.

पाच वर्षांपूर्वी दम लागायला लागला. इंदूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की फुप्फुसांचं जे नुकसान व्हायचं ते त्या एकेचाळीस वर्षांत झालं आहे, ते भरून येणार नाही. सोडली म्हणून वेग कमी आहे, एवढंच. हे धारला पोचलं तेव्हा दोन मतं तयार झाली. एक, सोडून काय उपयोग झाला. दुसरं अधिक लोकप्रिय होतं: एकदम सोडायला नको होती, शरीराला सवय असते, त्याचा धक्का बसला. आमच्याकडे हे दुसरं मत शिकलेली माणसंही मांडतात, आणि त्यासाठी कोणाचे तरी मामा किंवा सासरे उदाहरण म्हणून तयार असतात, जे ऐंशीव्या वर्षापर्यंत ओढत होते आणि सोडल्यावर सहा महिन्यांत गेले. नाना दोन्ही मतं आलटून पालटून मांडायचे. एकदा देवासला भेटायला आले असताना त्यांनी तोंडावर विचारलं, सोडून मिळालं काय तुला? अण्णा तेव्हा जिना चढून आले होते आणि त्यांना बोलायला वेळ लागला. “वास,” ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “मी जगायला नाही सोडली, नाना. वास यायला सोडली. तो आला.” नानांनी गॅलरीत जाऊन आपली सिगारेट पेटवली. अण्णांनी आतून सांगितलं की ब्रँड बदललेला दिसतोय.

माझी शेवटची भेट निधनाच्या बारा दिवस आधीची. हवेतून प्राणवायू काढणारं यंत्र पलंगाशेजारी घुमत होतं, नळी नाकात होती. डबी खिडकीच्या कट्ट्यावर होती. अण्णा तुटक बोलत होते, पण डोकं साफ होतं. वहिनी आत चहा टाकत होत्या. अण्णांनी मला जवळ बोलावलं आणि सांगितलं की त्यांच्या दहाव्याला काय होणार आहे, ते त्यांना माहीत आहे. पिंड ठेवला की आमची सगळी मंडळी मागे सरून उभी राहणार. कावळा लवकर शिवला तर प्रश्न नाही. नाही शिवला, तर गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली यावर चर्चा होणार. आणि मग कोणीतरी खिशात हात घालणार.

“नाना घालेल,” ते म्हणाले. “सिगारेट ठेवेल. ठेवू द्यायची नाही.”

मी विचारलं, आणि कावळा शिवलाच नाही तर?

“तर नाही शिवला.” यंत्राचे दोन-तीन श्वास गेले. “उपाशी राहीन. सवय आहे मला.”

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, तू बातमीदार आहेस, लक्षात ठेव. मी सांगितलं की मी बातमीदार नव्हतो, उपसंपादक होतो. तेच ते, चुका काढणारा, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा हे बोलणं संपलं होतं. त्यांनी दारातून किती ऐकलं, ते मला माहीत नव्हतं.

दहावा क्षिप्रेच्या घाटावर झाला. आमच्याकडे बायका सहसा घाटावर येत नाहीत. सुलभावहिनी आल्या. नानांनी त्यांना दोनदा सांगून पाहिलं की ऊन नाही पण दमट आहे, त्रास होईल. त्या पायरीवर येऊन बसल्या. विधी केदार करत होता. केदार इंदूरला नोकरी करतो, घरात मराठी बोलतो, वाचायला त्याला जड जातं, आणि घाईत असला की हिंदीत जातो. गुरुजी देवासचेच, वयस्कर आणि शांत. पिंड ठेवले तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. पलीकडे पिंपळ होता आणि त्यावर कावळे होते. मी सात मोजले.

पहिला अर्धा तास वचनं देण्यात गेला. केदार म्हणाला, आईला मी इंदूरला नेईन. वहिनी पायरीवरून म्हणाल्या, मी कुठेही जाणार नाही. ते वचन मागे घ्यावं लागलं. मग केदारने घर विकणार नाही असं सांगितलं. नानांनी सांगितलं की केदारच्या मुलीच्या लग्नात मी उभा राहीन. मुलगी चौथीत आहे. कावळे पिंपळावरच होते. दोन खाली येऊन भिंतीवर बसले, पिंडाकडे पाहिलं आणि परत गेले. अकराच्या सुमाराला कोणीतरी डबीची आठवण काढली. केदारने ती बरोबर आणली होती. त्याने एक दाणा पिंडाजवळ ठेवला आणि हात जोडले. मला वाटलं, आता शिवेल. नाही शिवला.

साडेअकराला केदार थकला. ओलं पंचं, उघडं अंग, सकाळपासून पोटात काही नाही. नाना पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी खिशात हात घातला. पाकिटातून एक सिगारेट काढली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “माझ्या हातची सुरू केली होती त्याने. माझ्या हातची घेईल.” एकाहत्तर वर्षांचा माणूस, बरोबरीने वाढलेला भाऊ गेलेला. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी तेव्हाही पाहत होतो. पण मला एक काम सांगितलेलं होतं. मी पुढे झालो आणि अण्णा काय म्हणाले होते ते शब्दशः सांगितलं. मग केदार म्हणाला, “अरुणकाका, रख देते हैं ना एक. अब क्या फर्क पड़ता है. बाबा उपाशी राहिले तर…” नानांनी वाकून सिगारेट पिंडाशेजारी ठेवली. मी मुलाच्या तोंडावर काय बोलणार होतो? मी थांबलो. ही माझी चूक आहे, आणि ती इथे नोंदवतो.

नाना मागे सरले. एक कावळा पिंपळावरून उतरला. भिंतीवर बसला. मग खालच्या पायरीवर. पिंडापासून तो दोन-अडीच हातांवर होता. कोणी हललं नाही.

सुलभावहिनी उठल्या. त्या गुडघ्यांमुळे हळू उठतात. त्या पायऱ्या उतरल्या, पिंडापर्यंत गेल्या, वाकून सिगारेट उचलली. कावळा उडाला. नानांच्या तोंडून “सुलभा” एवढंच निघालं. वहिनी त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि सिगारेट त्यांच्यापुढे धरली.

“तुमच्याकडून सगळं घेतलं त्यांनी, नानाभावजी. हे घ्यायचं सोडलं होतं. ही तुमची आहे, तुम्ही ओढा.”

नानांनी ती घेतली. हातात धरून उभे राहिले. केदार म्हणाला, आई, तो येत होता. वहिनी म्हणाल्या, “आला असता तर सिगारेटला आला असता. पिंडाला यायचं तर अजून झाड तिथेच आहे.” आणि जाऊन आपल्या पायरीवर बसल्या. तो कावळा पिंडाकडे येत होता की नाही, हे नक्की सांगता येणार नाही. त्या दिवशी हजर असलेल्या मंडळींत यावर आजही दोन मतं आहेत.

आम्ही आणखी एक तास थांबलो. बारा चाळीसला गुरुजींनी केदारकडे पाहिलं, केदारने आईकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली. गुरुजींनी दर्भ घेतले, त्यांचा कावळा केला आणि त्याने पिंडाला स्पर्श करवला. शास्त्रात याची सोय आहे. खरा कावळा शेवटपर्यंत शिवला नाही. तेव्हा पिंडाशेजारी सिगारेट नव्हती. परतताना गाडीत नाना माझ्याशेजारी बसले होते. ती सिगारेट त्यांनी पाकिटात परत घातली नव्हती, वरच्या खिशात वेगळी ठेवली होती. देवास येईपर्यंत ते एवढंच म्हणाले की धामनोदच्या फोटोत अण्णाने झुरका घेतला होता, मला कळलं होतं. मग काच खाली करून बाहेर पाहत राहिले.

तेराव्याच्या आमंत्रणाचा निरोप नानांनीच टाकला. त्यात ‘देवासचे अण्णा’ असं होतं. फोटो बदलला होता, कारखान्याच्या फाटकावरचा होता, हातात परखी. खाली एका पुतणीने विचारलं, कोणते अण्णा, सिगारेटवाले का? तिला तीन तास कोणी उत्तर दिलं नाही. मग सुलभावहिनींचं उत्तर आलं. ग्रुपवर त्यांनी त्याआधी कधी काही लिहिलेलं नव्हतं. ‘नाही,’ त्यांनी लिहिलं.

गेल्या आठवड्यात मी देवासला गेलो होतो. प्राणवायूचं यंत्र परत गेलं आहे. पलंग भिंतीला सरकवला आहे. डबी खिडकीच्या कट्ट्यावर आहे. श्रावणाचे दिवस, बाहेर भुरभुर चालू होती, भिंतींना ओल होती. वहिनींनी चहा दिला, समोर बसल्या, डबी उघडली, आधी नाकाजवळ नेली आणि मग एक दाणा दाताखाली धरला. आवाज आला नाही.

“चौदा,” त्या म्हणाल्या आणि डबीचं झाकण लावलं.